पिस्तारंगी गाडीतली धवलेरी

सिल्वासाच्या आमली भागातल्या त्या सोसायटीच्या वाहनतळावर एक संस्कृती नामशेष झाली आणि तिच्यासाठी कुणी साधी शोकसभाही भरवली नाही.

पूर्वी तिथे रांगेने उभ्या असत त्या उंच, चौकोनी, कपाळाला आठ्या घातलेल्या गाड्या. पाठीवर जादा चाक, दारांवर मधुबनच्या धरणकाठचा वाळलेला चिखल, आणि तो चिखल धुवायचा नाही असा मालकांचा अलिखित दंडक. औद्योगिक वसाहतींतले इंजिनियर रविवारी पहाटे त्या घेऊन खानवेलच्या पुढच्या रानात शिरत आणि सोमवारी कंबर धरून कामावर जात. मग कुणाचे लग्न झाले, कुणाला मुले झाली, कुणाच्या आईचे गुडघे कुरकुरू लागले; आणि एकेका राकट गाडीच्या जागी गुबगुबीत गालांची, मोतिया रंगाची, मागच्या काचांना जाळीचे पडदे लावलेली कौटुंबिक गाडी येऊन बसली. त्यांच्याकडे पाहिले की वाटे, या सगळ्या एकाच बाळंतविड्यातून बाहेर पडल्या आहेत.

शेवटची उरली होती ती मधुराची जीप. सूतकारखान्याच्या देखभाल विभागात इंजिनियर असलेल्या मधुराने नाशिकहून सिल्वासात येताना तिला सोबत आणले होते आणि तिच्या चढण्याच्या हव्यासामुळे तिचे नाव घोरपड असे ठेवले होते. घोरपडीत बसताना मधुराच्या सासूबाई, भारतीबाई, आधी देवाचे आणि मग मुलाचे नाव घेत. "आशिष, अरे मला गाडीत बसवतोस की अंबारीत?" आशिष, एका प्लास्टिकच्या कारखान्यात हिशेब पाहणारा शांत मनुष्य, आईला खालून ढकलत असे आणि बायकोकडे पाहणे टाळत असे. पुढे चिमी जन्मली. चिमीची बाळखुर्ची घोरपडीत कुठेच बसेना. आणि जे वादळांना, ओढ्यांना आणि सासूबाईंना जमले नव्हते ते त्या एका बाळखुर्चीने करून दाखवले. गुरुवारी घोरपड गेली. तिच्या जागी पिस्त्याच्या रंगाची, पावसात विरघळेल की काय अशी वाटणारी क्रॉसओव्हर आली.

"ही पण एसयूव्हीच आहे मॅडम," शोरूममधला तरुण म्हणाला होता, "फक्त जरा समजूतदार."

शुक्रवारी सकाळी पॅकिंग विभागातली जया दोन्ही हातांना मेंदी लावून मधुराच्या टेबलापाशी आली. ती मधुबन धरणाकाठच्या दुधनीची. तिचे लग्न खरे तर पुढच्या महिन्यात ठरले होते. नवऱ्या मुलाला, लखनला, रजा याच आठवड्यात मिळाली म्हणून ते या रविवारवर येऊन आदळले होते.

"ताई, रविवारी आक्काबाईला आणायचंय. तुम्ही म्हटलं होतं. घोरपड बरी हाय ना?"

लग्नाला अजून अवकाश आहे असे समजून दिलेला हा शब्द बाळखुर्चीच्या गडबडीत मधुराच्या ध्यानातून साफ गेला होता. आक्काबाई म्हणजे खेरडीची धवलेरी. वारल्यांचे लग्न धवलेरी लावते; ती गाते, आणि तिच्या गाण्यातून लग्न लागते. जयाच्या आईचे लग्न आक्काबाईने गायले होते, दोन्ही मावश्यांचे गायले होते. आता तिचा गुडघा गेला होता, दुचाकीवरून एकदा पडल्यापासून दुचाकीचे नाव तिला सोसत नव्हते, आणि जयाचा पाडा होता दुधनीच्या वर, अशा एका चढणीच्या माथ्यावर, जी चढण चारचाकींपैकी आजवर फक्त घोरपडीसारख्या गाडीने चढली होती.

"जया, घोरपड गेली गं. नवी गाडी घेतली."

जया टेबलाला टेकली. मग म्हणाली, "लखनच्या मामांनी शहरातून भटजी बोलावलाय. म्हणतात, म्हातारी दिवस डोक्यावर येईपर्यंत पोचली तर पोचली, नाय तर भटजी अर्ध्या तासात उरकून देईल." तिने मेंदीचे हात हवेत धरले होते, म्हणून डोळे पुसता येत नव्हते. "मला उरकायचं नाय, ताई."

"मी आणते आक्काबाईला," मधुरा म्हणाली, आणि ते म्हणताना तिला आपल्या आवाजात घोरपडीचे इंजिन ऐकू आले.

रविवारी सकाळी गाडीत सगळेच होते. "नवी गाडी पहिल्यांदा बाहेर निघते आणि तीत मी नाही?" असे म्हणत भारतीबाई सगळ्यांच्या आधी मागच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. ऊन अजून कोवळे होते. रस्त्याच्या कडेचा गुलमोहर असा पेटलेला, की कुणीतरी आनंदाला आग लावून पळून गेले असावे. मधुरा मात्र त्या गुळगुळीत सुकाणूवर हात ठेवून, शब्द देऊन चुकलेल्या माणसासारखी ताठ बसली होती.

खेरडीत आक्काबाई अंगणात खाटेवर तयार होती. अंबाड्यात फुले, मांडीवर पिशवी, चेहऱ्यावर ज्याच्यावाचून काही सुरू होत नाही अशा माणसाची स्वस्थता.

"ही कोण?" तिने गाडीकडे हनुवटी उडवली.

"नवी गाडी, आक्का."

"ती दांडगी कुठाय? मेली?"

"नाही हो. दिली."

"हं." तिने पिस्तारंगी गालावरून बोट फिरवले. "ही लाजरी दिसते." आशिषने दार उघडले. आक्काबाई वळली, टेकली, आणि क्षणभर तशीच राहिली. "बसले का मी?"

"बसलात."

"अगं बया! चढलेच नाय अन् बसले!"

"तेच!" भारतीबाईंनी टाळी वाजवली. "हेच मी लग्न झाल्यापासून सांगतेय हिला!"

गाडी टुंग-टुंग वाजू लागली. "काय मागते?" आक्काबाईने विचारले. पट्टा मागते, असे कळल्यावर तिने शांतपणे स्वतःला बांधून घेतले आणि गाडीला उद्देशून म्हणाली, "घे. आता गप बस." गाडी गप्प बसली. दोघींचे तिथेच जमले.

खानवेलच्या वाटेवर आक्काबाईने पुढच्या दोन सीटांमधल्या गोल खटक्यावरची चित्रे पाहिली. हे फूल कसले, तिने विचारले. आशिष म्हणाला, ते फूल नाही, बर्फ आहे. बर्फात चालायचे असेल तर तो खटका तिकडे फिरवायचा. आक्काबाई आणि भारतीबाई एकमेकींकडे पाहू लागल्या आणि मग दोघींना असे काही हसू फुटले की बाळखुर्चीतली चिमी दचकून त्यांच्यात सामील झाली. "दुधनीला बर्फ!" आक्काबाईने डोळे पुसले. "पडला तर पडला, आपली तयारी हाय!" त्याच खटक्यावर चिखलाचेही चित्र होते. मधुरा मनात त्या चित्राला चिकटून होती, बुडणारा माणूस पाटीवरच्या 'किनारा' या अक्षरांना चिकटावा तशी.

मग वळणे सुरू झाली, आक्काबाई गळा साफ करायला गुणगुणू लागली, मधुराचे हात त्या लयीत डावीउजवीकडे झुलू लागले, आणि समोरच्या काचेखाली एक कप उमटला. त्यातून वाफ निघत होती.

"आता काय म्हणते?"

"तुम्ही दमलात, चहा घ्या, म्हणते."

"थांबव."

"आक्का, अहो वेळ–"

"पोरी, नवी पाहुणी पहिल्यांदा लग्नाला निघालीय, ती तोंड उघडून चहा म्हणते, अन् आपण पुढं जायचं? थांबव."

खानवेलला चहा झाला. आक्काबाईने पहिला घोट गाडीच्या पुढच्या चाकापाशी ओतला, दुसरा स्वतः घेतला, आणि तिसऱ्यापासून भारतीबाईंना आपल्या चार सुनांच्या गोष्टी सांगू लागली. मधुरा उन्हाकडे पाहत राहिली. ऊन कसे सरकते हे जन्मात कधी नव्हे ते तिला त्या दिवशी दिसले; चहाच्या टपरीची सावली टपरीच्या पायांशी गोळा होत होती, एखादे कुत्रे अंग आखडून घेते तशी.

दुधनीला धरणाचे पाणी खूप आत सरले होते आणि निळे एवढे होते की त्याच्याकडे पाहून काही निर्णय घेऊ नये. चढणीच्या पायथ्याशी जयाचे वडील झिपरू उभे होते. धरणात मासे धरणारा हा उंच मनुष्य आज नव्या शर्टात अवघडून गेला होता.

"ताई, घोरपड कुठं?"

"हीच गाडी आणलीय, झिपरूभाऊ."

झिपरूने खाली वाकून गाडीचे पोट आणि जमीन यांतले अंतर पाहिले. "ही?" तो अगदी मायेने म्हणाला. "ही तर लादीवर चालायची हाय, ताई."

इतक्यात वरात येऊन ठेपली. टेंपोंतून उतरलेले दीडशे लोक, फुंकून वाजवायचा एक तारपा, दोन ढोल, आणि त्या सर्वांवर मात करण्यासाठी आणलेला एक कर्णा. मध्ये लखन, कोटात घामाने निथळत आणि काळ्या चष्म्यातून जगाकडे कृपादृष्टीने पाहत. त्याच्या बाजूला मामा, सुकदेव, ज्यांची मान दर दोन पावलांना वर सूर्याकडे जात होती.

"भटजी वर पोचले, बुलेटवरून," सुकदेवमामांनी जाहीर केले. "म्हातारीला राहू दे खालीच. फोनवर गाऊ दे, आपण वर कर्ण्यावर लावू."

"तुझ्या बारशाला फोन लाव मेल्या!" काचेतून आक्काबाई म्हणाली.

झिपरूने दबकत सुचवले, चार गडी खाट उचलतील.

"खाटेवरून मला एकदाच न्यायचं," आक्काबाई म्हणाली. "अन् तेव्हा मी गाणार नाय."

वरात हसली. सुकदेवमामांनाही हसू आले, ते त्यांनी रुमालाने टिपले. मधुराने खटका चिखलाच्या चित्रावर फिरवला, श्वास घेतला आणि गाडी चढणीला घातली.

वरातीने धवलेरीच्या गाडीपुढे नाचावे हे वरातीला स्वाभाविक वाटले. गाडीला ते स्वाभाविक वाटले नाही. एक नाचणारा समोर आला, गाडी किंचाळली आणि तिने आपणहून ब्रेक लावला. दुसरा आला, पुन्हा किंचाळली, पुन्हा थांबली. "समोर नाचू नका हो!" मधुरा ओरडली. "मग काय मागं नाचू? वरात हाय का मिरवणूक?" कुणीतरी उत्तर दिले. अखेर झिपरूने सगळ्यांना बाजूला केले. रस्ता मोकळा झाला. गाडी चार हात चढली, मुरुमावर पुढची चाके फरफरा फिरली, लाल धूळ उडाली, आणि ती समजूतदारपणे, अगदी क्षमा मागितल्यासारखी, घसरत खाली आली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा रबराचा वास आला. पडद्यावर एक पिवळी खूण लुकलुकत राहिली. तिचा अर्थ पुस्तकात होता आणि पुस्तक आमलीत.

सुकदेवमामांनी वर पाहिले. या वेळी कपाळावर हात आडवा धरून, बराच वेळ.

मधुरा सुकाणूवर हात ठेवून बसून राहिली. त्या चढणीच्या माथ्यावर हळदीने माखलेली एक मुलगी वाटेकडे डोळे लावून बसली असेल, हे तिला दिसत होते. यंत्रे दुरुस्त करणाऱ्या बाईने शब्द द्यावा आणि यंत्रच बदलून टाकावे, यापेक्षा हास्यास्पद काय असेल?

"पोरी," मागून आक्काबाई म्हणाली, "वरात कुठाय?"

"मागे आहे, आक्का."

"धवलेरी वरातीकडं पाठ करून बसते का कधी? गाडी फिरव. तोंड तिकडं कर. इथंच थोडं गाते, त्यांचे पाय तरी जागे राहतील."

करण्यासारखे दुसरे काही नव्हते म्हणून मधुराने गाडी फिरवली. जागा अरुंद होती. नीट सरळ करायला तिने मागचा गिअर टाकला आणि हलकेच मागे घेतली. गाडी मागे गेली. अजून थोडी गेली. मधुराला समोरच्या काचेत वरातीचे चेहरे किंचित खाली गेलेले दिसले.

तिने ब्रेक दाबला. गाडी चढणीवर होती. चाके जागच्या जागी फिरली नव्हती, धूळ उडाली नव्हती; पाठमोरी होऊन ती चढण चढू लागली होती, एखाद्या मांजराने भांडता भांडता पायऱ्या चढाव्यात तशी.

"अरे!" मधुरा म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, "अरे, हिला पुढची चाकं ओढतात! पुढून चढली की सगळं वजन मागे जातं आणि पुढची चाकं हलकी पडतात. उलटी चढवली तर इंजिन खाली, वजन चाकांवर! आशिष, ही उलटी चढेल!"

आशिषने चिमीला बाळखुर्चीतून सोडवले आणि खांद्यावर घेऊन उतरला. "मी वरातीतून येतो," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने घेतलेला हा सर्वांत बेधडक निर्णय होता.

"आई, तुम्ही मागची काच बघा आणि मला सांगा. आक्का, वरचं छत उघडतं."

"काय उघडतं?"

छत सरकले. आकाश गाडीत उतरले. आक्काबाईने पट्टा सोडला, सीटवर टेकून दुखरा गुडघा सांभाळत उभी राहिली आणि पिस्तारंगी गाडीच्या माथ्यातून कमरेपर्यंत बाहेर आली. फुलांचा अंबाडा, उघडे दंड, समोर अख्खी वरात. भारतीबाई मागच्या सीटवर गुडघे टेकून, एक हात आक्काबाईच्या पायांभोवती घट्ट आवळून, मागच्या काचेला नाक लावून बसल्या. वरातीने अशी आरोळी ठोकली की धरणावरचे बगळे उठले.

आक्काबाईने गळा मोकळा केला.

"दुधनीच्या पाण्या, उठ रे, चल रे,
लगीन हाय डोंगरावर.
साग रे, मोह रे, तुम्ही बी चला,
लगीन हाय डोंगरावर.
पाठमोऱ्या गाडी, तू बी चल गं,
तोंड तुझं वरातीवर."

तारप्याने सूर उचलला. गाडी मागे निघाली, म्हणजे वर निघाली, आणि वरात तिच्या नाकासमोर नाचत तिच्या मागोमाग आली. आता समोर कितीही नाचा. मागे जाणाऱ्या गाडीला समोरच्यांचे काही देणेघेणे नव्हते.

"डावीकडे घे!" भारतीबाई ओरडल्या. मधुराने डावीकडे घेतले. "अगं तुझ्या नाही, माझ्या डावीकडे!"

"आई, आपल्या डाव्या बाजू वेगळ्या आहेत!"

"हेच मी लग्न झाल्यापासून सांगतेय!"

"आई, डावं-उजवं नको! धरण म्हणा आणि डोंगर म्हणा!"

"धरण!" भारतीबाई गरजल्या. गाडी धरणाच्या अंगाला सरकली. "डोंगर! डोंगर! थोडं धरण!" दीडशे माणसांना हे फारच आवडले. "धरण!" म्हणत सगळी वरात एका बाजूला झुकली, "डोंगर!" म्हणत दुसऱ्या बाजूला, ढोलाने ते दोन शब्द घेतले, लखनने चष्मा कपाळावर चढवून कोट खांद्यावर टाकला, आणि ती चढण, जिने आजवर फक्त इंजिनांचे गुरगुरणे ऐकले होते, हेलकावे घेत नाचू लागली. आशिष कुठेतरी मध्ये होता. त्याचे नाचणे हिशेबात बसणारे नव्हते. त्याच्या डोक्यावरून चिमी दोन्ही मुठी हवेत फेकत होती.

मधुराला एका डोळ्याने पडद्यावर वर येणारा रस्ता दिसत होता, दुसऱ्या डोळ्याने काचेतून खाली पसरत जाणारे जग: आधी चेहरे, मग चेहऱ्यांमागे झाडांचे शेंडे, मग शेंड्यांमागे पाणी, आणि पाण्यात पडलेले बेटांचे तुकडे. घोरपडीतून तिने नेहमी फक्त माथा पाहिला होता. आपण जिथून आलो ते सगळे चढताना इतके उलगडत जाते, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. तिला हसू आवरेना. हसता हसता तिचा पाय एकदा जास्त दाबला गेला आणि आक्काबाईचा सूर एकदम वरच्या पट्टीत गेला; वरातीने त्यालाही दाद दिली.

माथा दहा पावलांवर असताना गाडीने गचकन ब्रेक लावला. मागे, वाटेच्या मधोमध, एक शेळी उभी होती.

"शेळी!" भारतीबाई.

"शेळी!" वरातीने याही शब्दावर एक गिरकी घेतली.

"शेळी नाच नाही हो, खरी शेळी! कुणीतरी हाकला तिला!"

आणि मग सुकदेवमामा, ज्यांना दिवसभर फक्त सूर्य दिसला होता, वरातीतून सुटले, गाडीला वळसा घालून धापा टाकत वर धावले आणि रुमाल फडकावत "हुर्र! हुर्र! धवलेरी येते, दिसत नाय?" असे त्या शेळीवर खेकसले. शेळीने विचार केला. मग ती मामांच्या रुमालाचा एक कोपरा तोंडात घेऊन बाजूला झाली. मामा रुमालासकट बाजूला झाले.

मांडवातल्या लोकांना आधी दिसला तो एका पिस्तारंगी गाडीचा पार्श्वभाग. मग तिच्या टपावर पाठमोरा अंबाडा. मग तो अंबाडा वळला आणि आक्काबाईने मांडवावर नजर फिरवली, काही कमीजास्त असेल ते आधीच टिपून घेत.

हळदीत न्हालेली जया पाटावर बसली होती. समोर पोथी उघडी होती आणि पोथीमागे प्लास्टिकच्या खुर्चीत भटजी. जया उठली. नवरीने उठू नये असे तिला कुणीतरी म्हणाले. तिने ऐकले नाही. भटजींनी एकवार वरातीकडे, एकवार टपावरच्या बाईकडे पाहिले, पोथी मिटली आणि जवळच्या मुलीला विचारले, "जेवायला काय आहे?"

झिपरूने आणि लखनने आक्काबाईला उतरवून घेतले. ती भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखलेल्या लग्नचौकासमोर बसली, पिशवीतून तांदूळ काढले, गुडघा चोळला, पाणी मागितले. कुणी घाई केली नाही. मग तिने डोळे मिटले आणि खरे गाणे सुरू केले. चढणीवरचे ते नुसते पायांसाठी होते. हे गाणे खोल होते, सावकाश होते. ते एकेक देव, एकेक झाड, भांडे, बी, पाणवठा यांना नाव घेऊन बोलावत होते आणि प्रत्येक जण येऊन बसेपर्यंत थांबत होते.

मधुरा मांडवाच्या कडेला उभी होती, केसांत लाल धूळ. जयाने मान न वळवता, ओठांच्या कोपऱ्यातून तिला हाक मारली.

"ताई, उभ्या काय? बसा. लांबणार हाय."

"किती लांबेल?"

लखनच्या शेजारी, तांदळांच्या पावसात, जया मोठ्याने हसली. नवरीने हसू नये तितकी.

"खूप!" ती म्हणाली.